ज्याची वायर त्याने गुंडाळायची

आमच्या बँडची आठ गाणी आहेत. ती आम्ही चार वेळा रेकॉर्ड केली आणि बरीच वर्षं एकदाही बाहेर काढली नाहीत. कुणी विचारलं की मी सांगायचो, वेळ मिळाला नाही. ते खोटं होतं. वेळ भरपूर होता. गाणी अडकली ती एका कागदामुळे, आणि तो कागद मी लिहिला होता.

हे कबूल करतो म्हणजे माझी चूक होती असं मी म्हणत नाही. ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी तो कागद बरोबर होता.

माझं दुकान म्हैसूरला नजरबादमध्ये आहे. जुने स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, गिटार घेतो, दुरुस्त करतो, विकतो. लग्नाला, उत्सवाला साऊंड भाड्याने देतो. दहावीत शाळा सोडून मंडपवाल्याकडे स्पीकर उचलायला लागलो, तिथून इथपर्यंत आलो, आणि त्यात कुणाचा हात नाही. भाव करण्यात मला गावात तोड नाही. माझ्याशी घासाघीस करून गेलेला माणूस दुसऱ्यांदा येताना बायकोला बरोबर आणतो, असं आमच्या गल्लीत म्हणतात. रागही मला लवकर येतो. त्याचा धंद्यात फायदा होतो. बँडमध्ये झाला नाही.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. कधी आले, कुणाबरोबर आले, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. दूध आण म्हणून सांगायचं ते मराठीत, दूधवाल्याशी भांडायचं ते कन्नडात, आणि लिहायचं सगळंच कन्नड लिपीत. मी गाणी लिहिली तीही तशीच, मराठी शब्द आणि कन्नड अक्षरं. नीट मराठी वाचायला शिकलो ते फार उशिरा, गिऱ्हाईक नसताना दुकानात बसून, कुणाकुणाकडून आणलेल्या जुन्या दिवाळी अंकांवर.

गिटार वाजवणारा आमच्याच गल्लीतला, आमच्याच बोलीचा. मी बेस गिटार वाजवायचो. ड्रमवर गल्लीतलाच एक तिसरा होता, आणि गाणारा कॉलेजमधून मिळाला होता. कार्यक्रमात लोकांना सिनेमाची गाणी हवी असत. ती चार वाजवली की एक आपलं हळूच मध्ये घुसडायचं, अशी आमची पद्धत. बन्नूरला एकदा जत्रेत वाजवलं. लोक मांडी घालून, हात जोडून बसले होते. आमचं सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं संपल्यावर एक आजोबा स्टेजजवळ आले आणि त्यांनी गिटारवाल्याला विचारलं, "आता सुरू करणार का?"

रेकॉर्डिंग गिटारवाल्याच्या घरी, माडीवरच्या मागच्या खोलीत व्हायचं. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. ती सुरू असली की खोलीत एकच सूर भरून राहायचा, आणि कानावर हात ठेवला तरी पायातून वर यायचा. गिरणीला मंगळवारी सुट्टी, म्हणून आमचं रेकॉर्डिंग मंगळवारी. तेवढ्यासाठी मीही दुकानाची सुट्टी रविवारऐवजी मंगळवारी केली. गिऱ्हाइकं चिडली. मी त्यांच्यावर चिडलो.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग तो पहिला गाणारा बेंगळूरूला गेला आणि महिनाभरात आमचं एक गाणं त्याने स्वतःच्या नावाने इंटरनेटवर चढवलं. शब्द माझे, चाल आमची, मागे वाजणारे आम्ही तिघं. मी फोन केला.

"माझा आवाज आहे ना त्यात?" तो म्हणाला.

"आणि बेस कुणाच्या बापाचा आहे?"

"तुमचं तुम्ही काढून घ्या की मग."

त्याने ते गाणं नंतर उतरवलं, पण हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. तुमचं तुम्ही काढून घ्या. का नाही?

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. कार्यक्रम संपला की ज्याची वायर त्याने गुंडाळायची. दुसऱ्याच्या वायरला हात लावायचा नाही. स्टेजवर सगळ्या वायरी काळ्या, सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येकाची टोकाला रंगीत टेप. माझी लाल, गिटारवाल्याची पिवळी. या शिस्तीमुळे माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात वायरीवरून कधी भांडण झालं नाही. मी म्हटलं, गाण्यालाही हाच नियम लावू. एका कागदावर लिहिलं: जो बँड सोडेल त्याने आपलं वाजवलेलं आणि गायलेलं बरोबर न्यावं. मागे राहतील त्यांनी रेकॉर्डिंगमधून त्याचा भाग पुसावा. कुणी कुणाचं वापरू नये. सगळ्यांनी सह्या केल्या. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी तो लॅमिनेट करून आणला.

गिटारवाला हसला. "अरे लो, पावसात नेणार आहेस का ते?"

"फाटायला नको," मी म्हटलं.

फाटला नाही. कागदाने दुसरंच केलं. ड्रमवाल्याचं लग्न झालं आणि तो सासऱ्याच्या उसात बन्नूरला अडकला. नियमाप्रमाणे त्याचे ड्रम पुसायचे. ड्रम पुसले की त्यांच्यावर रचलेलं बाकीचं हवेत लोंबकळतं, तेव्हा सगळंच परत वाजवा. दुसरा ड्रमवाला शाळामास्तर. आठपैकी सहा गाणी झाली आणि त्याची एच. डी. कोटेला बदली झाली. पुन्हा पुसा, पुन्हा वाजवा. प्रत्येक वेळी मीच दुकानातला कागद काढून समोर ठेवायचो. कुणी वाद घालत नसे. मास्तर तर म्हणाला होता, "मी येतो की कधी रविवारी, माझं राहू द्या." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तो स्टूलवरून उठला, काठ्या पिशवीत घातल्या आणि गिटारवाल्याच्या आईला नमस्कार करून गेला. त्याची बस उभी होती.

त्याच काळात दुसरा गाणारा आला. पुण्याचा. इथे एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायला आलेला, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. दुकानात माइक घ्यायला आला होता. माझं मराठी ऐकून त्याने भुवया उंचावल्या. ही मंडळी हे नेहमी करतात, आणि मला ते कधीच आवडलेलं नाही.

"दादा, पुण्यात हाच माइक निम्म्या किमतीत मिळतो."

"मग पुण्याला जा. बस संध्याकाळी आहे."

"तुम्ही मराठी ना? आपल्या माणसाला काही कमी करा की."

"आपल्या माणसालाच मी जास्त लावतो. तो परत करायला येत नाही."

तो हसला आणि म्हणाला, निदान ऐकून तरी बघतो. मी माइक जोडून दिला. त्याने एक ओळ गायली, डोळे न मिटता, दुकानातल्या पंख्याकडे बघत. साधी ओळ होती, पण तिच्या शेवटी आवाज थांबला तेव्हा रस्त्यावरच्या रिक्षा मला पहिल्यांदा ऐकू आल्या. गिऱ्हाइकाने आणखी न मागता मी भाव उतरवला. असं मी आयुष्यात त्याआधी केलं नव्हतं. तो मंगळवारी माडीवर आला.

कागदावर सही करताना तो म्हणाला, "हे तर कन्नडात आहे."

"मराठीच आहे. फक्त अक्षरं कन्नड आहेत."

मी वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि खाली देवनागरीत सही केली. त्याला वाचता न येणाऱ्या एकूण दोन गोष्टी आमच्यात होत्या. एक हा कागद आणि दुसरी माझी गाणी. म्हणून पद्धत अशी पडली की आधी मी गायचं. त्याला आम्ही डमी म्हणतो. कच्च्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं, त्यावरून त्याने शब्द लिहून घ्यायचे, मग पक्कं त्याने गायचं. माझा आवाज गाण्याचा नाही हे मला माहीत आहे. डमीपुरता चालतो.

आता त्या गाण्याबद्दल सांगतो.

शाळा सोडली तेव्हापासून वडील माझ्याशी बोलत नव्हते. एका घरात राहायचो, एका ताटलीतली चटणी घ्यायचो, पण बोलणं आईच्या मार्फत. अकरा वर्षं असं चाललं. मी दुकान घातलं, त्याच्या पूजेलाही ते आले नाहीत. मग एका दुपारी, मी आत सोल्डरिंग करत असताना, ते दारात येऊन उभे राहिले. छत्री हातात. मला वाटलं आईला काही झालं.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. सुम्ने आलो."

मग ते एका स्पीकरच्या खोक्यावर बसले, अर्धा तास बसले आणि गेले. त्यानंतर रोज येऊ लागले. अजून येतात. काही बोलत नाहीत.

सुम्ने हा कन्नड शब्द, पण आमच्या मराठीत तो इतका मुरलाय की मोठा होईपर्यंत मला तो मराठीच वाटायचा. त्याचे अर्थ दोन. एक, सहज, काही कामाशिवाय. दुसरा, गप्प. मूल रडायला लागलं की त्याला सुम्ने राहा म्हणतात. वडिलांनी कुठला अर्थ वापरला ते मला सांगता येणार नाही. मी गाणं लिहिलं त्यात एक माणूस गावभर हिंडतो आणि प्रत्येक जण त्याला विचारतो, का आलास, आणि तो प्रत्येकाला एवढं एकच सांगतो. शेवटी तो शब्द चार मात्रा ओढायचा. आठातलं तेच गाणं खरं होतं. बाकीची सात वाईट नाहीत, पण ती कुणीही लिहिली असती.

पुणेकराने डमी ऐकली. वहीत लिहिलं. मी डोकावून पाहिलं तर त्याने लिहिलं होतं, सुमने.

"सुमने म्हणजे फुलं ना?" तो म्हणाला. "म्हणजे हा माणूस फुलं द्यायला आलाय?"

गिटारवाला खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. मी अर्थ सांगितला. तो विचारात पडला.

"दादा, पण महाराष्ट्रात हे कुणाला कळणार नाही."

"महाराष्ट्रात आपल्याला कोण ओळखतं?"

"ओळखावं असं वाटत असेल तर शब्द कळला पाहिजे. सहज म्हणू या."

आम्ही सहज गाऊन पाहिलं. सहजला शेपूट नाही. ज वर आवाज आपटून थांबतो, चार मात्रा ओढायचं म्हटलं तर काही हाताला लागत नाही. मग त्याने उगाच काढलं. उगाच त्याच्या गळ्यात चांगलं बसत होतं हे मी तेव्हाही नाकारलं नाही. मधल्या गा वर तो आवाज असा उघडायचा की गिटारवाल्याने वाजवणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

पण उगाच आलो म्हणजे काय? आलो ते चुकलं. यायला नको होतं, कारण नव्हतं, फुकट गेलं. माझे वडील उगाच आले नव्हते.

हे मी नीट समजावून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वडिलांची गोष्ट मी त्या खोलीत कधी काढलीच नाही. ती माझी होती. मी फक्त म्हणत राहिलो की शब्द बदलणार नाही. तीन मंगळवार हा वाद चालला. तोपर्यंत तिसरा ड्रमवालाही आला होता, नवा पोरगेला माणूस, तो मोबाइलमध्ये बघत बसायचा. चौथ्या मंगळवारी मी माडीवर गेलो तर गाणं झालेलं होतं. माझ्या गैरहजेरीत, रविवारी, गिरणीचा अर्धा दिवस बघून त्यांनी उगाच रेकॉर्ड केलं होतं.

"एकदा ऐक तरी," गिटारवाला म्हणाला. "मग ओरड."

"कुणाला विचारून केलंत?"

"मगा, तू विचारू देतोस का?" मगा म्हणजे पोरा.

पुणेकर म्हणाला, "दादा, खरं सांगू? तुमचं मराठी छान आहे, पण ते मराठी नाहीये."

बेस खाली ठेवला. लाल टेपची वायर काढली आणि गुंडाळायला लागलो. कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा. कार्यक्रम नसताना वायर गुंडाळणं म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, गुंडाळून होईपर्यंत कुणीतरी काही म्हणेल. सहा मीटरची वायर. शक्य तितकी हळू गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मीच निरोप पाठवला. कागदाप्रमाणे माझं सगळं पुसा. बेस, डमी, सगळं. गिटारवाल्याने उलट एवढंच लिहिलं: आय्तु. म्हणजे झालं.

त्याला चार वर्षं झाली. गिटारवाला आणि मी गल्लीत रोज भेटायचो. तो हात वर करायचा, मी मान हलवायचो. गिरणी बंद पडली, तिथे कपड्यांचं दुकान आलं. त्यांना दुसरा बेसवाला मिळाला, तोही गेला. माझ्यापर्यंत बातम्या यायच्या आणि दर वेळी मी मनात म्हणायचो, आता पुसा, आता परत वाजवा. त्यात मला समाधान मिळायचं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे.

या उन्हाळ्यात गिटारवाला दुकानात आला. बसला. वडील आपल्या खोक्यावर होते, त्यांना त्याने वाकून नमस्कार केला.

"पुणेकर चालला," तो म्हणाला. "बदली. पंधरा दिवसांत."

"मग पुसा त्याचं."

"त्यासाठीच आलो. या वेळी पुसणार नाही. आठही बाहेर काढायचीत. ड्रमवाल्यांना फोन केले, त्या पहिल्या गाणाऱ्यालाही केला. सगळे हो म्हणाले. तू राहिलास."

"काढणार काय? उरलंय काय तुझ्याकडे? अर्धं तर पुसून झालं."

त्याने खिशातून फोन काढला, एक वायर माझ्या टेबलावरच्या स्पीकरला जोडली आणि लावलं. बेस होता. माझा. चार वर्षांपूर्वी पुसलेला. त्यावर ड्रम, मास्तरचे, मी ओळखले. डाव्या हाताला तो किंचित घाई करायचा.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? मी कुणाचं कधी पुसलंच नाही."

"कागद होता!"

"होता ना. तू कागद दाखवायचास, मी बटण दाबायचो. पुसायचो नाही, आवाज बंद करायचो. हात धजला नाही रे. सगळ्यांना सुम्ने ठेवलंय, बस्स."

मला किती राग आला ते इथे लिहीत नाही. गिऱ्हाईक होतं ते निघून गेलं. इतकी वर्षं मी नियम लावला, मास्तरला स्टूलवरून उठवलं, मंगळवार घालवले, परत परत तेच वाजवलं, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर, काही न बोलता, सगळं राखून बसला होता. एवढं मला बाजारात कुणी फसवलेलं नाही.

"फसवलंस मला," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

वडील खोक्यावरून म्हणाले, "साकु रे." म्हणजे पुरे. आमच्यापैकी कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

मग त्याने माझी डमी लावली. त्या गाण्याची. "हवं तर हीच ठेवू," तो म्हणाला. "तुझा शब्द, तुझा आवाज." मी ऐकली. सूर खाली सरकत होता, शेवटच्या शब्दाला तर पार बसलेला. आणि मागे बारीक गिरणी ऐकू येत होती. कुठल्या तरी मंगळवारी चुकून चालू राहिली असावी. मी विकत घेताना माल दोनदा बघतो, विकताना एकदा. हा माल मी दुकानात ठेवला नसता.

"बंद कर. हे बाहेर गेलं तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"चार वर्षं तसंही बघत नव्हतास."

मग मी अट घातली. अट न घालता मला हो म्हणता येत नाही. बाकी सात गाणी घ्या, कुणाचं काहीही वापरा. आठव्यात पुणेकराने सुम्ने गायचं. नाहीतर माझा बेस आणि माझे शब्द कशातच नाहीत.

मला वाटलं पुणेकर नाही म्हणेल. तो आला. रविवारी सकाळी, घरचं सामान ट्रकमध्ये चढवून, हाताला चिकटपट्टीचा वास तसाच. जरा जाड झाला होता. मी माडीच्या पायऱ्या चढून वर गेलो तर तो उभा राहिला.

"दादा, तेव्हा जे बोललो..."

"गा," मी म्हटलं.

गिटारवाल्याने लावलं. पहिलं कडवं झालं, शब्द आला, आणि त्याने गायलं, सु-म-ने. तीन तुकडे. फुलं.

"मोडू नकोस. सुम् आणि ने. मधे काही नाही."

"सु-म-ने."

"सुम्. ओठ मिट. मग ने."

"सुम... ने."

गिटारवाला म्हणाला, "आता थांबलास मधे. बस चुकली वाटेल."

अकरा वेळा झालं. बोलताना नीट म्हणायचा, सूर लागला की त्याचा गळा मध्ये एक अ घालायचाच. चिडला नाही. प्रत्येक वेळी पाणी प्यायचा आणि म्हणायचा, परत. अकराव्या वेळी अगदी बरोबर आलं. अक्षर न अक्षर. आणि ते ऐकताना मला कळलं की हा आता शब्दाकडे बघतोय. पाय कुठे टाकायचा ते बघत पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखा. त्या गाण्यातला माणूस कुठेही बघत नव्हता. तो नुसता आला होता.

"झालं ना दादा?" त्याने विचारलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

बरोबर होतं. अट पुरी झाली होती. मी गिटारवाल्याला म्हटलं, "जुनं लाव. त्याचं."

त्याने उगाच लावलं. चार वर्षं मी ते ऐकलं नव्हतं. त्या मंगळवारीसुद्धा ऐकलं नव्हतं. गा वर आवाज उघडला. अर्थ चुकीचा होता. माझे वडील त्यात नव्हते. पण कुणीतरी होतं, दुसऱ्या कुठल्या तरी दारात उभं, आणि आलो ते चुकलं असं त्याला खरोखर वाटत होतं. नऊ वर्षांपूर्वी दुकानात पंख्याकडे बघत गायला होता तोच आवाज.

"हेच राहू दे," मी म्हटलं.

"आणि हे अकरा?"

"सुम्ने ठेव. तुला सवय आहे."

तो फार हसला नाही. मीही नाही. कागद मी बरोबर नेला होता, फाडायच्या तयारीने. लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही. मी दोनदा प्रयत्न केला, मग गिटारवाल्याने तो माझ्या हातातून घेतला आणि त्यावर चहाचे तीन ग्लास ठेवले. अजून तो तिथेच आहे, गोल डाग पडलेला.

गाणी बाहेर आली. फार कुणी ऐकली नाहीत. मास्तरने एच. डी. कोट्याहून फोन केला, आपले ड्रम ऐकले म्हणाला आणि मग शाळेचं काहीतरी बोलत बसला. स्टूलवरून उठवल्याबद्दल मी त्याला काही म्हणणार होतो. राहून गेलं. मला लोक विचारतात, आनंद झाला का? पाठ दुखते, एवढंच सांगतो. चार वेळा एकच भिंत बांधायची आणि मग कळायचं की पहिलीच उभी होती, यात आनंद कुठून आणायचा? आणि तो शब्द चुकीचा आहे हे माझं मत आजही बदललेलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी दुकानात फोन वाजला. पुणेकर. मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी टीव्ही बारीक करायला सांगत होतं.

"दादा, जेवलात?"

"जेवलो. काय काम काढलंस?"

"काम काही नाही हो. सुम्ने केला."

मध्ये अ नव्हता. ओठ मिटले होते. त्याच्या लक्षातही आलं नाही. तो पुढे पुण्यातल्या रस्त्यांबद्दल सांगायला लागला. माझ्या हातात चार वर्षांचं भांडण जिंकायचा पत्ता आला होता, आणि असा पत्ता मी आयुष्यात कधी हातात धरून ठेवलेला नाही. समोर खोक्यावर वडील बसले होते. त्यांनी नजरेनेच विचारलं, कोण?

मी सुम्ने राहिलो. तो बोलत होता, मी हूं हूं करत होतो, आणि टेबलावर कुणाची तरी काळी वायर पडली होती ती दुसऱ्या हाताने गुंडाळत होतो.